कॅल्शियम आयन फार लांब जात नाही, मग डेंड्राइटमध्ये ८० मायक्रॉन धावतं ते काय?

कॉलेजरोड

नमस्कार मंडळी. एम.एस्सी.च्या सेमिनारसाठी चेतापेशीतला कॅल्शियम सिग्नल हा विषय घेतला आहे. नाशिकला आमच्या विभागात टू-फोटॉन सूक्ष्मदर्शक नाही, म्हणून सर्वांसाठी खुलं असलेलं एक रेकॉर्डिंग वापरते आहे. हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागाच्या कापातली सीए१ पिरॅमिडल पेशी, पिपेटमधून भरलेला ओरेगॉन ग्रीन बाप्टा-१ हा कॅल्शियम बांधलं की चमकणारा डाय १०० मायक्रोमोलर, मुख्य डेंड्राइटवर (निरोप घेणाऱ्या फांदीवर) लाइन-स्कॅन, म्हणजे एकाच रेषेवर पुन्हापुन्हा फिरणारा लेसर, दर २ मिलिसेकंदांना एक ओळ. सिनॅप्सना, म्हणजे चेतापेशींच्या सांध्यांना, १०० हर्ट्झने अर्धा सेकंद उत्तेजन दिलं आहे.

कायमोग्राफमध्ये, म्हणजे स्कॅनच्या ओळी काळाच्या क्रमाने रचलेल्या चित्रात, दोन गोष्टी दिसतात. उत्तेजन सुरू होताच डेंड्राइटचा दिसणारा सगळा भाग, साधारण ८० मायक्रॉन, एकदम उजळतो. तो मावळायला लागतो आणि उत्तेजन थांबल्यावर सुमारे ३०० मिलिसेकंदांनी एका फाट्यापाशी दुसरी चमक उठते. ती तिथून पेशीकायेकडे सरकत जाते, ८० मायक्रॉनला १.३ सेकंद. म्हणजे सेकंदाला ६० मायक्रॉनच्या आसपास.

अडचण अशी की एका पुस्तकात लिहिलंय, पेशीद्रवात कॅल्शियम जेमतेम काही मायक्रॉन जातं. दुसऱ्यात कॅल्शियमची लाट थेट केंद्रकापर्यंत पोचते. दोन्ही खरं कसं? आणि या दोन चमका एकाच घटनेचे दोन टप्पे समजायचे का?

गोदाकाठ

दोन्ही पुस्तकं बरोबर आहेत, आणि तुमच्या दोन चमका दोन वेगळ्या यंत्रणांच्या आहेत. आधी हिशेब करू, कारण आकड्यांशिवाय हा विषय धूसरच राहतो.

डेंड्राइटसारख्या बारीक नळीत विसरणाला (डिफ्युजनला) लागणारा वेळ म्हणजे अंतराचा वर्ग भागिले विसरणांकाची दुप्पट. विसरणांकाचे आकडे ऑलब्रिटन, मेयर आणि स्ट्रायर यांनी १९९२ साली झेनोपस बेडकाच्या अंडपेशींच्या अर्कात मोजले, ते आजही वापरले जातात. मोकळ्या कॅल्शियम आयनाचा सेकंदाला २२३ वर्ग मायक्रॉन. कॅल्शियम धरून ठेवणाऱ्या बफर प्रथिनांना चिकटत-सुटत जाणाऱ्या कॅल्शियमचा फक्त १३. आयपी३ या पेशीतल्या निरोप्या रेणूचा २८३.

आता १३ धरून बघा. १ मायक्रॉनला ४० मिलिसेकंद, ५ मायक्रॉनला १ सेकंद, १०० मायक्रॉनला सहा मिनिटांहून जास्त. कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत जाणाऱ्या एक मीटरच्या अक्षतंतूला बाराशे वर्षं लागतील. तुमच्या ८० मायक्रॉनला चार मिनिटं हवीत, आणि बफर अजिबात नसते तरी १४ सेकंद. तुमची लाट १.३ सेकंदात पोचली. याचा अर्थ फाट्यापाशी सुटलेले आयन पेशीकायेपर्यंत गेलेलेच नाहीत. वाटेतल्या प्रत्येक जागी तिथलंच कॅल्शियम बाहेर पडलं.

पहिली चमक विद्युतदाबाची आहे. पेशीकायेकडून ॲक्शन पोटेन्शियल, म्हणजे चेतापेशीची विद्युत-उसळी, उलटं डेंड्राइटमध्ये चढतं. वेग सेकंदाला अर्धा मीटर धरला तरी ८० मायक्रॉन पार करायला त्याला ०.१६ मिलिसेकंद लागतात. तुमची एक ओळच २ मिलिसेकंदांची, म्हणून कायमोग्राफवर सरळ उभी कड दिसते. वाटेतल्या विद्युतदाब-संवेदी कॅल्शियम चॅनल (पटलातली आयनांची दारं) सगळ्या एकदम उघडतात. आत विश्रांतीच्या वेळी ५० ते १०० नॅनोमोलर, बाहेर १ मिलिमोलरहून जास्त, म्हणजे दहा हजार पटींचा फरक. त्यामुळे चॅनल मिलिसेकंदभर उघडली तरी पुरतं. इथे प्रवास केला तो विद्युतदाबाने.

दुसरी चमक ईआरमधून, म्हणजे आंतर्द्रव्यजालिका या पेशीतल्या कॅल्शियमच्या साठ्यातून आलेली दिसते. १०० हर्ट्झच्या उत्तेजनाने सिनॅप्सबाहेर सांडणारं ग्लुटामेट हे चेतारसायन मेटाबोट्रॉपिक रिसेप्टरना लागतं, फॉस्फोलायपेज-सी हे विकर जागं होतं आणि आयपी३ तयार होतं. या साखळीला वेळ लागतो. तुमचे ३०० मिलिसेकंद तिथे गेले. पुढची गंमत आयपी३ रिसेप्टर या ईआरवरच्या कॅल्शियमच्या दारात आहे. त्याला उघडायला आयपी३ आणि कॅल्शियम दोन्ही लागतात. कॅल्शियम ०.२ ते ०.३ मायक्रोमोलरच्या आसपास असताना तो सर्वात जास्त उघडतो, त्याहून बरंच वाढलं की बंद व्हायला लागतो. हा घंटेच्या आकाराचा आलेख १९९१ साली बेझप्रोझ्वनी, वात्रास आणि एर्लिख यांनी दाखवला. म्हणून रिसेप्टरच्या एका पुंजक्यातून सुटलेलं कॅल्शियम दोन-चार मायक्रॉनवरच्या शेजारच्या पुंजक्याला पेटवतं आणि नंतर स्वतःचं दार लावून घेतं. फटाक्यांची माळ जशी लागते तसंच: दारू ज्या त्या फटाक्याची, पुढे सरकते ती फक्त ठिणगी. फरक एवढाच की ईआरमधला सर्का पंप साठा पुन्हा भरतो, त्यामुळे थोड्या वेळाने तीच लाट परत उठवता येते. लगेच दुसरं उत्तेजन दिलंत तर मात्र लाट सहसा उठत नाही.

विसरण आणि लाट कायमोग्राफवरच ओळखता येतात. विसरण असेल तर पुढची कड वाकडी दिसते, आधी झपझप आणि मग मंद, कारण अंतर वेळेच्या वर्गमुळाने वाढतं. शिवाय चमक पुढे-पुढे फिकी पडते. लाटेची कड सरळ तिरपी रेघ असते आणि उंची टिकून राहते. तुमच्या चित्रावर पट्टी ठेवून पाहा. कड मध्येच पायऱ्यांसारखी अडखळत असेल तर घाबरू नका, पुंजक्यांमधल्या मोकळ्या जागा तशाच दिसतात.

फाट्यापाशी सुरुवात होणं नेहमीचं आहे. नाकामुरा, रॉस आणि सहकाऱ्यांनी १९९९पासून सीए१ पेशींवर जे काम केलं त्यात या लाटा मुख्य डेंड्राइटमध्ये उठतात, फाट्यांजवळ सुरू होण्याकडे त्यांचा कल असतो आणि बाजूच्या बारीक फांद्यांत त्या सहसा शिरत नाहीत. उलटं येणारं ॲक्शन पोटेन्शियल आणि आयपी३ एकत्र आले की लाट जास्त सहज उठते हेही त्यांनीच दाखवलं. तेव्हा तुमची पहिली चमक दुसरीचं कारण नाही, पण तिला मदत नक्की करते.

इंदिरानगर_पिपेट

वरचं सगळं मान्य. पण या रेकॉर्डिंगवरून चमकांच्या उंचीबद्दल आणि मावळण्याच्या वेळेबद्दल एक शब्दही सेमिनारमध्ये बोलू नका. १०० मायक्रोमोलर ओरेगॉन ग्रीन बाप्टा-१ हा डाय कमी आणि बफर जास्त आहे.

डायची बफर-क्षमता अशी काढतात: डायचं एकूण प्रमाण गुणिले त्याचा केडी (ज्या कॅल्शियमला डायचे निम्मे रेणू बांधले जातात ते प्रमाण), भागिले केडी आणि विश्रांतीतलं कॅल्शियम यांच्या बेरजेचा वर्ग. केडी ०.१७ मायक्रोमोलर, विश्रांतीतलं कॅल्शियम ०.१ मायक्रोमोलर. १७ भागिले ०.०७२९, म्हणजे सुमारे २३३. सीए१ डेंड्राइटची स्वतःची बफर-क्षमता साधारण ६० धरली, तर आत आलेल्या दर ६१ आयनांतला एक मोकळा राहायचा, तो डाय घातल्यावर २९४ मधला एक राहतो. मोकळ्या कॅल्शियमची वाढ जवळजवळ पाचपट खुजी झाली आणि मावळणं पाचपट लांबलं. पेशी जे करते आहे त्यात डायने हात घातला.

आता डाय किती भरलाय ते पाहा. विश्रांतीतच ३७ टक्के रेणू कॅल्शियमला बांधलेले. १ मायक्रोमोलरला ८५ टक्के, ५ मायक्रोमोलरला ९७ टक्के. ईआरची लाट काही मायक्रोमोलरपर्यंत जाऊ शकते. तुमच्या चित्रात दुसरी चमक पहिलीपेक्षा थोडीशीच उजळ दिसत असेल तर ते पेशीचं वागणं नाही, डायचं छत आहे. हेच फ्लुओ-५एफ हा सैल पकडणारा डाय वापरून केलं, केडी २.३ मायक्रोमोलर, तर त्याच १०० मायक्रोमोलरला बफर-क्षमता ४० येते आणि वाढ मूळच्या साठ टक्क्यांपर्यंत टिकते. किंमत अशी की विश्रांतीची चमक इतकी फिकी असते की डेंड्राइट शोधणंच कठीण जातं. त्यासाठी पिपेटमध्ये कॅल्शियमला दाद न देणारा लाल डाय, उदाहरणार्थ ॲलेक्सा ५९४, २० ते ३० मायक्रोमोलर घालतात आणि लाल रंगावर फोकस करतात.

आणखी दोन सापळे. पिपेटने पेशी फोडल्यावर डाय दूरच्या डेंड्राइटपर्यंत पोचायला १५-२० मिनिटं लागतात. त्याआधीच्या ओळींत आधाररेषा चढत राहते आणि टक्केवारी खोटी येते. दुसरं, एकाच रेषेवर लेसर फिरत राहिला की प्रकाशानेच पेशीला इजा होते आणि कॅल्शियम चढायला लागतं. रेकॉर्डिंगच्या संचात उत्तेजन न देता घेतलेला स्कॅन आहे का ते आधी तपासा. नसेल तर तेवढी शंका तुमच्या निष्कर्षात लिहा.

वेग मात्र वापरता येईल, कारण कड कधी पोचली एवढंच त्यात मोजतो. तरीही डाय फिरता बफर असल्याने मूळ वेग तोच असेल असं म्हणू नका.

कॉलेजरोड

पट्टी ठेवून पाहिलं, दुसरी कड सरळ आहे, मध्ये एक पायरी आहे. उत्तेजनाविना घेतलेला स्कॅन संचात आहे आणि तो सपाट आहे. दोघांचे मनापासून आभार.

आता पुढचं. विभागात साधा फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शक आणि सेकंदाला ३० चित्रं घेणारा कॅमेरा आहे. उंदराच्या कॉर्टेक्सच्या पेशींचं कल्चर मिळू शकतं. फ्लुओ-४ एएम हा पेशीत आपोआप शिरणारा डाय वापरून, कॅल्शियम बाहेरून आलं की ईआरमधून, एवढंच वेगळं करून दाखवायचं आहे. काय काय लागेल आणि कुठे चुकतं?

म्हसरूळ_बेंच

होण्यासारखं आहे. ३० चित्रं पुरतात. ६० मायक्रॉन वेगाची लाट दोन चित्रांत २ मायक्रॉन सरकेल. ॲक्शन पोटेन्शियलचा क्रम मात्र या कॅमेऱ्यावर शोधू नका.

डाय भरणं: ५० मायक्रोग्रॅमच्या कुपीत ४५ मायक्रोलिटर कोरडं डीएमएसओ (द्रावक) घातलं की १ मिलिमोलर होतं. त्यात तेवढंच २० टक्के प्लुरॉनिक एफ-१२७ (डाय विरघळलेला ठेवणारं डिटर्जंट) मिसळा. या मिश्रणातले ४ मायक्रोलिटर १ मिलिलिटर द्रावणात, म्हणजे डाय २ मायक्रोमोलर. अंधारात ३० मिनिटं, दोनदा धुवा, मग आणखी २०-३० मिनिटं तसंच ठेवा, म्हणजे एस्टरची शेपटी पेशीतली विकरं पूर्ण तोडतील. हा दुसरा टप्पा गाळला की अर्धवट तुटलेला डाय नुसताच चमकतो, कॅल्शियमला उत्तर देत नाही. सीरम असलेल्या माध्यमात डाय घालू नका, सीरममधली एस्टरेज विकरं पेशीबाहेरच तो तोडून टाकतात.

पद्धतीत 'रूम टेम्परेचर' लिहिलेलं असतं, त्यावर नाशिकमध्ये विसंबू नका. जानेवारीच्या सकाळी आणि मे महिन्याच्या दुपारी एकाच टेबलावर वीस अंशांचा फरक पडू शकतो. गार असेल तर प्लुरॉनिक गोठून खाली बसतं आणि डायचे ठिपके पेशींवर चिकटतात. ते द्रावण ३७ ते ४० अंशांवर गरम करून नितळ झाल्यावरच वापरा. फार गरम असेल तर डाय ईआर आणि मायटोकॉन्ड्रियात घुसतो, आणि पेशी सारखी न चमकता आत जाळीदार, ठिपकेदार दिसते. अशी कव्हरस्लिप बाद. बॉक्समध्ये किंवा वॉटरबाथवर २५ अंश धरून ठेवा.

द्रावण, मिलिमोलरमध्ये: सोडियम क्लोराइड १४०, पोटॅशियम क्लोराइड ५, कॅल्शियम क्लोराइड २, मॅग्नेशियम क्लोराइड १, हेपेस १०, ग्लुकोज १०, पीएच ७.४. फॉस्फेट बफर नको, कॅल्शियमबरोबर साका बसतो. पेशी न्यूरोबेसल माध्यमात वाढल्या असतील तर एक गोष्ट आवर्जून तपासा: त्या माध्यमाची ऑस्मोलॅरिटी साधारण २२० असते आणि वरच्या द्रावणाची ३००च्या आसपास. थेट बदललं तर पेशी आक्रसतात आणि कॅल्शियम आपोआप वर जातं. ऑस्मोमीटरवर मोजून सोडियम क्लोराइड कमी करा.

शून्य कॅल्शियमचं द्रावण हे सगळ्यात जास्त फसवतं. कॅल्शियम क्लोराइड न घालणं म्हणजे शून्य कॅल्शियम नव्हे. पाण्यात लिटरला ४० मिलिग्रॅम कॅल्शियम असलं की तेच १ मिलिमोलर झालं, आणि आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने धुतलेल्या काचेच्या बाटलीत पांढरा थर असतोच. सिडनी रिंगर यांना १८८३ साली बेडकाचं हृदय कॅल्शियमशिवाय धडधडत नाही हे समजलं, ते आधी द्रावण लंडनच्या नळाच्या पाण्यात बनवलं गेलं होतं म्हणून. तेव्हा प्लास्टिकची बाटली घ्या, डबल डिस्टिल्ड पाणी वापरा, कॅल्शियम पकडणारं ईजीटीए १ मिलिमोलर घाला, मॅग्नेशियम ३ मिलिमोलर करा. ईजीटीए साध्या पाण्यात विरघळत नाही. सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने घालून पीएच ८च्या पुढे न्या, तिथे विरघळतं. ते कॅल्शियमला पकडताना प्रोटॉन सोडतं, म्हणून पीएच ७.४ शेवटी, सगळं मिसळून झाल्यावर लावा.

क्रम असा ठेवा. टीटीएक्स १ मायक्रोमोलर, सीएनक्यूएक्स १० आणि एपीव्ही ५० मायक्रोमोलर सुरुवातीपासून (पहिलं ॲक्शन पोटेन्शियल रोखतं, बाकी दोन ग्लुटामेट रिसेप्टर), नाहीतर कल्चरमधल्या पेशी एकमेकींना चेतवत राहतात आणि कोणाची चमक कोणामुळे हे कळत नाही. दोन मिनिटं आधाररेषा. मग ५० मिलिमोलर पोटॅशियम १० ते १५ सेकंद, तेवढंच सोडियम कमी करून. यात बाहेरचं कॅल्शियम दाब-संवेदी चॅनलमधून येतं आणि ईआरचा साठाही भरतो. ही पायरी टाळू नका. विश्रांतीतल्या चेतापेशीत साठा बऱ्याचदा अर्धामुर्धा असतो आणि मग पुढच्या औषधाला काहीच उत्तर मिळत नाही. आधाररेषेवर परत आल्यावर शून्य कॅल्शियम, आणि ६० ते ९० सेकंदांत मेटाबोट्रॉपिक रिसेप्टर चेतवणारं डीएचपीजी ५० मायक्रोमोलर. जास्त थांबलात तर साठा आपोआप गळून जातो. आता जी चमक येईल ती ईआरची. दुसऱ्या कव्हरस्लिपवर आधी सर्का पंप बंद पाडणारं थॅप्सिगार्गिन १ मायक्रोमोलर १५ मिनिटं देऊन हेच करा. चमक गेली पाहिजे.

रायनोडीन रिसेप्टर (ईआरमधून कॅल्शियम सोडणारी दुसरी दारं) पाहायचे असतील तर कॅफिन १० मिलिमोलर वापरतात, पण कॅफिन आयपी३ रिसेप्टर दाबतं आणि डायची चमकही थोडी बदलतं. पेशी नसलेल्या डायच्या थेंबावर तेच कॅफिन टाकून आधी फरक मोजून घ्या.

थॅप्सिगार्गिनचा परिणाम परतत नाही आणि ते प्लास्टिकच्या नळीला चिकटून राहतं. त्याची नळी वेगळी ठेवा, नाहीतर पुढच्या कंट्रोलमध्ये ईआर रिकामंच सापडेल. हातमोजे घालूनच हाताळा.

पाथर्डीफाटा

केंद्रकाबद्दल थोडं, कारण मूळ प्रश्नात ते होतं.

लाट पेशीकायेत पोचली की केंद्रकपटलाच्या छिद्रांतून कॅल्शियम आत जातं आणि आतलं कॅमकायनेज-४ हे विकर जनुकं चालू करणाऱ्या क्रेब प्रथिनाच्या १३३ क्रमांकाच्या सेरिनवर फॉस्फेट लावतं. पण लाटेशिवायही निरोप जातो. पेशीपटलावरच्या एल-प्रकारच्या चॅनलच्या तोंडाशी कॅल्शियम वाढलं की कॅल्मोड्युलिन हे प्रथिन त्याला पकडतं, आणि गॅमा-कॅमकायनेज-२ ही जोडी उचलून केंद्रकात नेऊन सोडतं. हे २०१४ साली दाखवलं गेलं. इथे कॅल्शियमचं काम चॅनलच्या तोंडाशीच संपतं आणि पुढे प्रथिन जातं.

गोदाकाठ यांच्या हिशेबाला एक पुरवणी. १३ हा आकडा पेशीद्रवाचा आहे. ईआरच्या पोकळीत कॅल्शियम शेकडो मायक्रोमोलर असतं, तिथले बफर सैल पकडतात आणि पोकळी बहुतेक सगळीकडे सलग आहे. त्यामुळे एका टोकाचा रिता साठा दुसरीकडच्या साठ्यातून आतल्या आत भरून निघू शकतो. लाटेच्या वेगाचं उत्तर याने बदलत नाही, पण लाट पुन्हा कधी उठेल ते ठरायला हे महत्त्वाचं आहे.

स्पाइनचा, म्हणजे डेंड्राइटवरच्या बारीक काट्याचा, आकडाही सेमिनारमध्ये जरूर घ्या. ०.१ फेम्टोलिटरच्या स्पाइनमध्ये १०० नॅनोमोलर म्हणजे मोकळे आयन फक्त ६. एवढ्या लहान जागेत 'प्रमाण' हा सरासरीचा शब्द आहे. म्हणूनच एनएमडीए या ग्लुटामेट रिसेप्टरमधून आलेले थोडेसे आयनही तिथे मोठी उसळी देतात, आणि बारीक मानेमुळे व पंपांमुळे ती उसळी डेंड्राइटमध्ये फारशी सांडत नाही.

कॉलेजरोड

सगळं लिहून घेतलं. शेवटचं एक: अक्षतंतूच्या टोकाला काय होतं? तिथून केंद्रकापर्यंत बाराशे वर्षं लागणार असतील तर...

गोदाकाठ

टोकाचं कॅल्शियम केंद्रकाला काही कळवण्यासाठी नसतंच, ते तिथल्या तिथे वापरलं जातं. दूरचा निरोप डायनिन या वाहक प्रथिनाच्या पाठीवरून सूक्ष्मनलिकांवर जातो, सेकंदाला साधारण १ मायक्रॉन. एक मीटरला अकरा-बारा दिवस.

टोकाला सगळा खेळ चॅनलच्या तोंडापासून दहा ते शंभर नॅनोमीटरचा. चॅनल उघडी असेपर्यंत तिथे कॅल्शियम दहा ते शंभर मायक्रोमोलर, आणि चॅनल मिटताच ते विरून जातं. डॉज आणि राहामिमॉफ यांनी १९६७ साली दाखवलं की चेतारसायनाचा स्राव कॅल्शियमच्या जवळजवळ चौथ्या घाताने वाढतो. कॅल्शियम निम्मं झालं तर स्राव सोळाव्या हिश्श्यावर येतो. चॅनल चेतारसायनाच्या पुटिकेच्या (पिशवीच्या) किती जवळ आहे ते तपासायला ईजीटीए आणि बाप्टा हे दोन्ही बफर वापरतात. दोघांची कॅल्शियमवरची पकड जवळपास सारखीच घट्ट, पण बाप्टा कितीतरी पट लवकर पकडतो. टोकात १० मिलिमोलर ईजीटीए भरूनही स्राव फारसा घटला नाही आणि बाप्टाने घटला, तर चॅनल पुटिकेला अगदी खेटून आहे असं समजायचं. ईजीटीएनेच स्राव पडला तर अंतर जास्त आहे, शंभर नॅनोमीटरच्या घरात.